मशीन हळू चालवण्याची शपथ

...आणि वर मलाच सांगतात, रविवारी तसबीर तूच धर. धरीन की, नाही कुठं म्हणतोय, आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या दुसरं केलंय काय? गावच्या चर्चची किल्ली आमच्याकडे, संत गिओर्गीची चांदीची तसबीर बाहेर काढायची ती आम्हीच, मग गावातल्या एकेकानं तिच्यावर हात ठेवून म्हणायचं की माझ्या घरात मशीन नाही, आणि पहिली शपथ कुणाची, तर तसबीर धरणाऱ्याची... आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्याच घरात, खाली, गायीच्या शेजारी, चार मशीन बोंबलत होती. आता मी काय करणार, किल्ली माझ्याकडे.

मी तसा कमी बोलणारा माणूस, पण हे एका दमात सांगू द्या, मध्ये थांबलो तर विसरेन. मशीन म्हणजे ती बिटकॉइनची हो. पेटीएवढी असतात, अष्टौप्रहर कसले तरी हिशेब सोडवतात, आणि त्याबद्दल एक नाणं मिळतं जे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कसले हिशेब, ते मला विचारू नका, मी शाळेत जेमतेम गेलेलो. आमच्या या डोंगरातल्या स्वानेतीत वीज फुकट, फुकटची वीज आणि मशीनची राक्षसी भूक, झालं, गावात दिवे असे मिणमिणायला लागले की जेवताना ताटात मांस आहे की बटाटा, ते चावल्यावर कळायचं. आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. तेव्हा गावचा वडीलधारा बेकेर्बी उठला, म्हणाला, "पुरे झालं. रविवारी तसबिरीवर शपथ. जोकोला, किल्ली तयार ठेव."

आता आमच्याकडे माणूस पोलिसांशी खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, घोडा विकताना तर बोलतोच, पण गिओर्गीसमोर? नाही हो. जीभच वळत नाही.

घरी आलो, बायकोला म्हटलं, "मकवाला, मशीन बंद कर."

तिनं चुलीवरून मान वर केली नाही. म्हणाली, "बंद करू? मग गोचा फोन कशाला करेल? तुझी तब्येत विचारायला?"

गोचा आमचा मुलगा, पोलंडात कामाला आहे. ही मशीन त्यानंच बसवली आणि गेला. त्याआधी फोन यायचा ईस्टरला आणि नववर्षाला. मशीन आल्यापासून रोज संध्याकाळी. आई, गरमी किती? आई, तिसऱ्याचा पंखा फिरतोय ना? ती गोठ्यात उभी राहून ओरडून आकडे सांगणार, मशीनच्या गोंगाटात त्याला अर्धं ऐकू येणार, पण संध्याकाळपासून तिचं तोंड बघा, उजळलेलं. ते बंद कर म्हणू? आणि नको म्हणू, तर रविवारी हात कुठं ठेवू? मी काय करणार, किल्ली माझ्याकडे.

शेवटी तिनंच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बंद कशाला, वेग उतरव."

आणि तुम्हाला सांगतो, असं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. घोडा चढावर दामटला की दुप्पट खातो, चालीनं नेला की थोडक्यात भागतं, तसंच हे. वेग थोडा उतरवला की विजेची भूक निम्मी होते, नाणी मात्र थोडीच घटतात. मकवाला चष्मा लावून फोनवर बोट फिरवतेय, तिकडून तो सांगतोय, इकडून ती रागावतेय, "अरे हळू सांग, मी काय तुझ्या कंपनीत आहे?" एकदा चुकून चारही बंद पडली, गाय दचकून उठली, मी मनात म्हटलं, सुटलो... पण नाही, पुन्हा चालू झाली, आणि आवाज कसा, तर मांजर झोपेत गुरगुरतं तसा. आणि दिवा? पिवळा होता तो पांढरा झाला. शेजारची दारिको धावत आली, "जोकोला, तुमच्याकडे कुणी वारलं का? सुतकात घरातलं सगळं बंद केलंत की काय? आमचा दिवा उजळला."

पण शपथ राहिलीच होती. हळू चाललं तरी मशीन ते मशीनच ना?

रविवारी तसबीर छातीशी धरून उभा राहिलो. चांदी गार. बेकेर्बी सुरू झाला, "म्हणा, माझ्या घरात..." आणि मी, जो गावाच्या बैठकीत कधी खोकलोसुद्धा नाही, तो म्हणालो, "थांब. माझ्या घरात आहे. हळू चालतंय, पण आहे. पाहिजे तर किल्ली घ्या."

मला वाटलं, गेली पिढ्यांची किल्ली.

मग मागून बिमुर्झा म्हणाला, "माझं गवताच्या माळ्यावर आहे." दारिको म्हणाली, "आमच्याकडे दोन, पण एक बिघडलंय." प्रत्येकाची नजर तसबिरीवर, खोटं बोलणार कोण? शेवटी बेकेर्बी टोपी चुरगाळत म्हणाला, "माझं नाही. सुनेचं आहे."

मग शपथ बदलली. ज्याच्याकडे आहे त्यानं हळू चालवायचं, गिओर्गी बघतोय. सगळ्या गावानं हात ठेवले, माझे दंड भरून आले, आणि मनावरचं ओझं असं उतरलं की परत येताना मी चक्क गुणगुणत होतो. बेकेर्बी म्हणाला, "किल्ली नीट ठेव." ठेवीन की. मी काय करणार, किल्ली माझ्याकडे.

त्या संध्याकाळी गोचाचा फोन आला. मशीन शांत, त्यामुळे त्याला पहिल्यांदाच घरातलं सगळं ऐकू गेलं. म्हणाला, "आई, तिकडे खोकतंय कोण?"

"तुझा बाप."

"कधीपासून?"

"हिवाळा लागल्यापासून. तुला ऐकू कसं जाणार?"

मग त्यानं जवळच्या मेस्त्या शहरातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर थर्मामीटर पाठवून दिला. आता रोज संध्याकाळी मकवाला आधी चार मशीनची गरमी सांगते, मग माझी. तंबाखू सुटली, घरी गाळलेल्या दारूचा अरक औषधापुरता उरला, आणि फोनची वेळ झाली की मी आपला काखेत थर्मामीटर धरून गप्प बसतो... पाचवा नंबर का असेना, पोरानं विचारलं.