पांढरी वायर

माझं माहेर संगमनेरकडचं, प्रवरेच्या काठाला, अन् सासर हे हितं राहुरीच्या अलीकडं, मुळा धरनाच्या पाटावर. शाळा म्हनाल तर चौथीपत्तोर, तीबी धड न्हाई, लिवा तसंच. आई लोकांच्या रानात कांदे लावायला जायची, मी तिच्या मागं, अन् रोप लावताना बाया एका वळीत वाकल्या की गानं सुरू व्हायचं, एकीनं म्हनायचं अन् बाकीच्यांनी झेलायचं, कंबर दुखती हे ध्यानातच येत नसायचं. माझा आवाज पार बांधाच्या पल्याड जायचा असं आई म्हनायची. आई म्हनायची बरं का, मी न्हाई, मी आपली गात हुते.

लगीन झालं ते स्पीकरवाल्याशी. आमच्या मालकांचा धंदा कर्न्यांचा, ते मोठ्या तोंडाचे भोंगे असत्यात ना, तेच कर्ने, लग्नात, जत्रंत, सप्त्यात भाड्यानं द्यायचे. घरात पाय ठेवायला जागा न्हाई, जिकडं बघावं तिकडं कर्ने, माईक, वायरींची भेंडोळी. सासू म्हनायची, ह्या घरात सून झोपंल का मशीन झोपंल ते एकदा ठरवून टाका. मशीन म्हंजी अंप्लीफायर, आवाज मोठा करायचा डबा, आमी मशीनच म्हनायचो. सासू तोंडाची तिखट पन मनाची लई चांगली, जाऊ द्या, ते राहिलं.

तर मालकांना गायचा नाद. माईक तपासायला बाकीचे स्पीकरवाले हॅलो हॅलो करायचे, हे गवळन म्हनायचे, मांडव पडायच्या आदी मानसं गोळा व्हायची. काय सांगू तुमाला, आवाज असा की मी चुलीम्होरं बसून कान तिकडंच लावायचे अन् इकडं भाकर करपायची.

आमच्या पुढच्या खोलीत तवा एक साहेब भाड्यानं ऱ्हायचे, कृषी विद्यापीठात नोकरीला, एकटा जीव, गान्याचं लई याड. त्यांच्याकडं एक भारी टेप हुता, म्होरं दोन काटे, गानं लागलं की दोन्ही काटे नाचायचे. एका दुपारी म्हनले, वहिनी, तुम्ही दोघं गवळण म्हणा, मी भरून घेतो. मी म्हनले, न्हाई बाई, मला लाज वाटती. मालक म्हनले, बस की, मी हाय ना शेजारी, अन् ह्यांनी चिपळ्या हातात घेतल्या. मग साहेबांनी दोन माईक मांडले, एक ह्यांच्या म्होरं, एक माझ्या म्होरं, अन् म्हनले, दोघांचे आवाज दोन बाजूंना भरतील, ऐकताना दोन्ही बाजू लावून ऐका बरं का. आमाला काय कळलं न्हाई, आमी माना डोलावल्या. मी डोळे गच्च मिटले अन् कांद्याच्या वळीत गायचे तशी गायले. पुढं साहेबांची बदली झाली, जाताना टेप अन् कॅसेट दोन्ही आमालाच देऊन गेले, देव त्यांचं भलं करो, कुठं असतील तिथं सुखी असू द्या.

आता झालं काय ते ऐका. टेपाच्या मागून दोन वायरी निघायच्या, एक लाल, एक पांढरी, अन् ह्यांच्या मशीनला भोक एकच. कर्न्याच्या धंद्यात आवाज एकच असतो, गावाच्या ह्या टोकाला जे वाजतंय तेच त्या टोकाला वाजायला पायजे, तिथं डावं-उजवं कोन बघतंय. म्हनून हे नेहमी लाल वायर खुपसायचे अन् पांढरी गुंडाळून रबर लावून ठेवायचे, सगळेच स्पीकरवाले तसं करायचे, त्यात काय चुकतंय हे कुनाच्या डोक्यातबी आलं न्हाई. तर अशी आमी कॅसेट लावली. मालकांचा आवाज खनखनीत, अन् माझा आपला लांबून, दुसऱ्या घरात कुनी गातंय असा. मधी एका कडव्याला तर हे गप्पच हायेत, नुसत्या चिपळ्या अन् माझी कुनकुन. हे म्हनायचे, हितं मी कडवं विसरलो बघ. अन् मला म्हनले, तुझा आवाज माईकला लागत न्हाई गं. वाईट हेतूनं न्हाई म्हनले, धंद्यातलं मानूस, कानाला आलं तसं बोलले. पन मला ते लागलं ते लागलंच. मंग भजनात बाया म्हनायच्या, सरूबाई, म्हन की, मी आपली टाळ हातात घ्यायचे. मंगल, माझी लेक, तिच्या हळदीलाबी मी गायले न्हाई.

पुढं मोठाले डीजे आले, कर्ने कोन इचारतंय. एक दिवस मशीन जळालं, ह्यांनी दुरुस्तबी केलं न्हाई, कर्ने मोडीत घातले अन् त्या दिवशी जेवले न्हाईत. मंग हे गेले. फोटू हाय भिंतीवर, मंगलच्या मोबाईलमधी पन हायेत, नातवाला मांडीवर घेतलेला हाय, पन फोटू बोलतोय का? मला ह्यांचा आवाज पायजे हुता. सांच्याला दिवा लावला की वाटायचं, आता म्हनतील, सरू, च्या टाक. कान नुसता दाराकडं लागायचा. कॅसेट पडून ऱ्हायली की फीत चिकटती हे ह्यांनीच शिकवलेलं, म्हनून मी अधनंमधनं टेप लावायचे, मशीन न्हाई तर आवाज कुठला येनार, नुसतीच चाकं फिरायची अन् काटे नाचायचे. मी काट्यांकडं बघत बसायचे. मधी एका जाग्याला एक काटा खाली पडायचा अन् दुसरा जोरात नाचायचा. मला वाटायचं तो बिघडलाय.

येवढ्यात मंगल तिच्या सासरहून, राहात्याहून आली तवा तिला म्हनलं, मला एक मशीन घेऊन दे, साधं, घरात ऐकायचं. आमी नगरला गेलो. बाजारात काय एकेक डबे, निळे-तांबडे दिवे लुकलुकतात, धाड धाड छातीत वाजतंय. मंगल म्हनली, आई, मोठं घे, चार लोकं बघतील. मी म्हनलं, लोकांनी बघायचं का मी ऐकायचं? एका दुकानात एक छोटा स्पीकर दाखवला, वायरच नको म्हनं, मोबाईलवर चालतो. मी म्हनलं, बाबा, माझा नवरा मोबाईलमधी न्हाई, कॅसेटमधी हाय. तो पोरगा हसला, मग त्यानं स्पीकर परत खोक्यात ठिवला.

शेवटच्या दुकानात एक वयस्कर मानूस भेटला. त्यानं इचारलं, आजी, खोली केवढी? मी म्हनलं, दोन खाटा बसतील येवढी. मंग येवढ्या ताकदीचं काय करता, म्हनला, कौलं उडवायची हायेत का? त्यानं खालच्या फळीवरून एक डबा काढला, दिवा एकच, म्होरं तीन बटनं, एक आवाज कमी-जास्तचं, एक आवाज जाड-बारीक करायचं, एक डावी-उजवीचं, कुठल्या बाजूचा आवाज वाढवायचा त्याचं. मागं दोन भोकं, लाल अन् पांढरं. दोन लहान लाकडी स्पीकर त्याला जुळतील असे बघून दिले. म्हनला, दोन्ही वायरी लावा, दोन्ही स्पीकर हातभर न्हाई, चांगले लांब मांडा, अन् मधी बसा. माझ्या आवाक्यातलं हुतं, मी मंगलला पर्स काढू दिली न्हाई.

घरी आले अन् वायरी मीच लावल्या, जलमभर भेंडोळी गुंडाळली, येवढं येतं मला. पांढरीचं रबर हात लावल्याबरुबर तुटून पडलं. टेपाची कळ दाबली.

अन् आले हो. भिंतीकडच्या स्पीकरातून आमचे मालक आले, तोच आवाज, मधी श्वास घ्यायची तीच लकब. मी पदर तोंडाला लावला. येवढ्यात दाराकडच्या स्पीकरातून एक बाई गायला लागली, मोकळी, भरल्या गळ्याची, ह्यांच्या बरुबरीनं. मंगल म्हनली, आई, ही कोन गं? मी म्हनलं, कुनास ठाव, साहेबांनी दुसरी कुनी भरली का काय. अन् मंग कडवं आलं, ते गप असल्यालं, चिपळ्यांचं. बाई एकटीच गात हुती. तवा कळलं. अहो, मी हुते ती.

मंगल रडायला लागली, म्हनली, आई, तू का गं नाही गायलीस आमच्यासाठी?

मी ते डावी-उजवीचं बटन सगळं माझ्या बाजूला फिरवलं. आता हे लांब गेले, मी जवळ आले. अन् कडवं संपल्यावर, माझ्या माईकापाशी, हळूच, मानूस वाकून कानात बोलतं तसं, ह्यांचा आवाज आला. वा गं सरू. येवढंच. मी डोळे मिटलेले, गान्याच्या नादात, मला त्या दिवशी ऐकूच आलं न्हाई.

म्हंजी हे कडवं विसरले नव्हते. माझं ऐकत हुते. अन् मंग मशीननं दुसरं सांगितलं, तर कानानं ऐकलेलं सोडून ह्यांनी मशीनचं खरं धरलं, अन् मी ह्यांचं. राग न्हाई हो, राग कुनावर करायचा. नुसतं वाटतं, एक दुपार यावं ह्यांनी, बसावं हितं, ऐकावं, अन् तेच दोन शब्द तोंडावर म्हनावं. लई वाटतं.

मंगल म्हनती राहात्याला चल. मी म्हनते येते, येते, बघू. हल्ली भाकरी करताना गाते मी, शेजारनी दारात येऊन उभ्या ऱ्हातात. तुमी ते लिवनं ठिवा आता. हितं या, मधी बसा, जरा भिंतीकडं सरका, हां, तिकडं हे हायेत अन् इकडं मी. कळ दाबते. कडवं संपलं की बोलू नका.