प्रार्थनापेटीतल्या तीन चिठ्ठ्या

‘पोरीला फिट्स येतात म्हणे, तूपण प्रार्थना कर हं तिच्यासाठी, आणि कुणाला बोलू नकोस’ — असं म्हणाल्या सासूबाई तुझ्याबद्दल, फोनवर बहिणीला. अगदी हेच शब्द. बस ना, उभी का? पत्र देते तुला, अडवत नाही — आपल्या मंडळीतून नाव काढून दुसऱ्या चर्चमध्ये न्यायचंय ना, दोन ओळींचं पत्र, पाळकसाहेब सही करून माझ्याकडे ठेवून गेलेत. पण जायच्या आधी तुला कळायला हवं, बातमी फुटली कुठून. आमच्या घरातून. मी आत चादरींच्या घड्या घालत होते, त्यांना वाटलं मी आंघोळीला गेलेय. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन महिने.

आणि ती प्रार्थनापेटी सुरू केली कुणी? त्यांनीच. तरुण मुलींनी मन मोकळं करावं, चर्चशी नातं टिकावं म्हणून. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. रविवारी एकीने चिठ्ठ्या घरी न्यायच्या, आठवडाभर प्रार्थना करायची, मग फाडायच्या — एक आठवडा सासूबाई, एक गायनमंडळाच्या काकू, एक रविवारच्या शाळेच्या बाई. पण मंडळी चाळीस घरांची! ‘लग्न ठरलंय, मुलाकडच्यांना आजाराचं सांगायचं धाडस दे’ असं लिहिल्यावर नाव कशाला लागतं? लग्न ठरलेली तेव्हा तू एकटीच. नऊ दिवसांनी तुझं मोडलं. हो, नऊ, मोजलेत मी — म्हणजे — हो, मला आधीच माहीत होतं. एक फोन करता आला असता, की बाई गं, बाहेर गेलंय, तू स्वतः आधी सांगून टाक. नाही केला. नवी सून, कशाला तोंड उघडा. ते राहू दे. नाही, राहू नको देऊस, रागव.

मग मी पेटीत खोट्या चिठ्ठ्या टाकायला लागले. डाव्या हाताने लिहून. काकूंच्या आठवड्यात — ‘केस मुठीमुठीने गळताहेत, टक्कल पडायच्या आत लग्न ठरू दे.’ पुढच्या रविवारी मागच्या बाकावरच्या बायका एकेका पोरीचा भांग तपासताहेत — सगळे डोळे मिटून प्रार्थनेत, ह्यांचे उघडे! बाईंच्या आठवड्यात — ‘मला ट्रक चालवायला शिकायचंय, वडिलांचं मन वळव.’ बुधवारी शिंपीणबाई माझं माप घेता घेता विचारतेय, तुमच्यातली कोण गं ती ट्रकवाली? आणि तिसरी सासूबाईंच्या आठवड्यात — ‘देवा, या घरात मला कामं सांगतात, बोलत कुणी नाही. लग्न करून चुकले का?’ ती आपली अशीच, सुचली तशी. हसू नकोस. बरं, ती खोटी नव्हती. वाटलं, ओळखतील. एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन जेवतो आम्ही! तर फोनवर बहिणीला — ‘असेल कुणी नवी नवरी. सासूचं नशीब फुटकं बिचारीचं.’

काल सभा होती. फळ्यावर विषय — ‘तरुण मुली चर्चमध्ये कशा टिकतील?’ कुणी म्हणे गिटार आणा, कुणी म्हणे सहल काढा. मी चहा ओतत होते. बाई म्हणाल्या, अहो सूनबाईंना विचारा, तरुण आहेत. सासूबाई हसल्या — ‘तिला काय विचारता, तिला मीठ मागायचीसुद्धा लाज वाटते!’ मी किटली खाली ठेवली. तिन्ही चिठ्ठ्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या. कुठली कुणाच्या आठवड्यातली, कुठून फिरून माझ्यापर्यंत आली, सगळं. काकूंचा हात आपल्याच भांगावर गेला. मग सांगितलं, यांच्या आधी एक खरी चिठ्ठी होती, तिच्यामुळे एक लग्न मोडलं. तुझं नाव घेतलं नाही, ते घ्यायचा हक्क तुझा. आणि तिसरी माझी, हेही सांगितलं.

मजा आली का? आली. अजून येतेय. क्षमेवरचं प्रवचन मीही ऐकते की, करीन क्षमा, सवडीने. देवाचं काय चुकलंय यात? त्याने कुणाला फोन केला नव्हता. हे घे पत्र. देऊ का, फाडू? — बरं, नको सांगूस आत्ता. जायचं तर जा, पण लाजून जाऊ नकोस, लाजायचं त्यांनी. आणि आता ऊठ, सासूबाई यायची वेळ झालीय, काल रात्रीपासून बोलत नाहीत माझ्याशी — म्हणजे तसा फरक काही पडलेला नाही.

सभेचा शेवट काय झाला? पदर सारखा करून त्या म्हणाल्या, चला, समारोपाची प्रार्थना करून उठू या. तेव्हा मी म्हटलं, ‘करा ना, आई. मोठ्याने करा. कुणाचं काय कुणाला सांगितलंत, एकेक करून सांगा त्याला. आम्ही आमेन म्हणायला बसलोय.’