वास कमी आहे

सून : हात मागे का घेतलात, आई? दाखवा बघू.

सासूबाई : काही नाही गं. भांड्यांचा साबण लागला असेल.

सून : साबणाने कोपरापर्यंत पुरळ? खरं सांगा, माझं क्रीम लावताय ना?

सासूबाई : लावते की! सुनेचं पहिलंवहिलं क्रीम, मी नाही लावायचं तर कोणी?

सून : आणि खाज सुटल्यावर?

सासूबाई : खाज सुटली म्हणून तर जास्त लावलं.

सून : अगं बाई! आई, त्यानेच खाज येतेय. त्यातलं लव्हेंडर आणि गवती चहाचं तेल झोंबतंय तुम्हाला.

सासूबाई : झाडापानांचं तेल कसं झोंबेल?

सून : खाजकुइलीही झाडालाच लागते ना? ही तेलं जपून घालायची असतात. वहीत एका पातेल्याला एकच चमचा लिहिलाय. तुम्ही म्हणालात वास कमी आहे, मी दोन केले. पुन्हा म्हणालात, तीन केले. शेवटच्याला तर चार! माझं डोकं दुखत होतं त्या वासानं. तरी म्हटलं, तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास तपासलेली बाई चुकेल कशी?

(सासूबाई बरणीचं झाकण लावतात, काढतात, पुन्हा लावतात.)

सून : मागच्या आठवड्यात दूध करपलं, तेव्हा शेजारच्या काकू वासाने धावत आल्या. तुम्ही शेगडीपाशीच उभ्या होतात.

सासूबाई : होते.

सून : कधीपासून वास येत नाही?

सासूबाई : त्या मोठ्या तापापासून. दोन वर्षं झाली. वाटलं, येईल परत. मग तू पहिली बरणी माझ्यापुढे धरलीस. या घरात पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या कामातलं विचारत होतं गं. कसं सांगू, की हे नाक आता नुसतं चष्मा टेकवायला उरलंय?

सून : हसवू नका, मला रडू येतंय. चाळीस बरण्या भरून ठेवल्यात. पाच वाजता पार्लरवाल्या ताई न्यायला येतील. माझी पहिली ऑर्डर! आणि उद्या एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर असं उठलं तर?

सासूबाई : मी सांगते त्यांना. चूक माझी आहे.

सून : दोघींची. आधी चार दिवस हातावर लावून बघायचं, मग बरण्या भरायच्या, एवढंही मला सुचलं नाही. थांबा, फोन लावते... हॅलो, ताई? आजचा माल देत नाही मी. हो, सगळाच. तेल जास्त पडलंय, अंगावर उठतंय... कळतंय हो, ताई. माफ करा... काय? बिनवासाचं? बनवते ना! पण आधी तपासून बघणार, वेळ लागेल... बरं, बरं.

सासूबाई : चिडल्या?

सून : चांगल्याच. मग म्हणाल्या, निदान आधी सांगितलंस. वासाच्या क्रीमने चेहरा जळजळतो म्हणणाऱ्या बायका त्यांच्याकडेही येतात. दहा बरण्या बिनवासाच्या करून बघ म्हणाल्या.

सासूबाई : चाळिसाच्या दहा झाल्या गं.

सून : दहा तर दहा. उद्या सकाळी आधी डॉक्टरांकडे जायचं, हातही दाखवायचा आणि नाकही. मग पातेलं चढवू. तपासायला मला तुम्हीच हव्यात.

सासूबाई : नाक नसताना?

सून : क्रीम दाट झालं की पातळ, फाटलं की जमलं, हे तुमच्या बोटांना कळतं. मला अजून कळत नाही. फक्त काही झालं की लपवायचं नाही. लगेच सांगायचं.

सासूबाई : लगेच?

सून : लगेच.

सासूबाई : मग मानेवर बघ जरा. तिथेही उठलंय.