ओल्या हाताची चाचणी

जबाब
दिनांक २७ सप्टेंबर २०२४, सकाळी ११.१५ ते दुपारी १.०५

नाव एडविन लॉरेन्स ग्रेसिस, वय ५२ वर्षे, धंदा मोबाइल दुरुस्ती, शिक्षण दहावी पास, राहणार चर्चच्या मागची गल्ली, पाली, उत्तन, भाईंदर पश्चिम.

मी वरील पत्त्यावर पत्नी रीटा हिच्यासह राहतो. आज मी स्वतःच्या पायाने सागरी पोलीस ठाण्यात आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही व कोणी पढवलेले नाही. हवालदार दुर्गा मॅडम यांच्यासमोर बसून सांगतो ते असे की,

मयत शेन लॉरेन्स ग्रेसिस, वय ४४, हा माझा सख्खा धाकटा भाऊ. दिनांक १९ सप्टेंबर रोजी त्याची होडी बुडाली व दुसऱ्या दिवशी गोराईच्या बाजूला त्याचा मृतदेह मिळाला. त्याची पत्नी शेरॉन हिने या ठाण्यात मच्छीमार सोसायटीविरुद्ध अर्ज दिला आहे. अर्ज मीच लिहून दिला, अक्षर माझे आहे.

सोसायटीने २३ तारखेला जे उत्तर दिले त्याची प्रत मला दाखवण्यात आली. त्यात लिहिले आहे की, होडीवरचा फोन तज्ज्ञाकडून तपासून घेतलेला होता, मयतास तो हाताळता येत नव्हता, सबब वेळेत मदत न मिळण्यास मयत स्वतः जबाबदार आहे. हेच पत्र सोसायटीच्या फळ्यावर लावले आहे. धक्क्यावर जाणारा प्रत्येक माणूस ते वाचूनच पुढे जातो. शेरॉनचे मागणे एवढेच आहे की ते वाक्य खोडावे. मेलेल्या माणसाला अडाणी ठरवणे सोपे असते, तो उठून उत्तर देत नाही.

त्या पत्रातला तज्ज्ञ म्हणजे मी.

जून महिन्यात सोसायटीने ठरवले की प्रत्येक लहान होडीला एक टचस्क्रीनचा स्वस्तातला फोन द्यायचा. हवामानाचा इशारा त्यावर येईल, होडी कुठे आहे ते कळेल, वगैरे. लहान होडीवर वायरलेस नसतो, तेव्हा विचार वाईट नव्हता. सोबत अट अशी होती की जुना बटणाचा फोन सोसायटीत जमा करायचा. दोन फोन असले की लोक नव्याला हात लावणार नाहीत, असे सचिव आत्माराम यांचे म्हणणे. आत्माराम हे मीरा रोडला राहतात, पूर्वी मुंबईत कचेरीत होते, निवृत्तीनंतर सोसायटीचे कामकाज बघतात. समुद्राशी त्यांचा संबंध पापलेट खाण्यापुरता.

ते नमुन्याचा फोन घेऊन माझ्या दुकानात आले. माझे दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन माणसे उभी राहिली की तिसरा गल्लीत. ते म्हणाले, "एडविनशेठ, आख्ख्या पालीत तुमच्याएवढं मोबाइलमधलं कोणाला कळतं? तुम्ही तपासा. तुम्ही ओके म्हणालात की समिती डोळे झाकून घेणार." मला आजवर कोणी शेठ म्हटलेले नाही. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मी चढलो.

मी तो फोन आठ दिवस तपासला. काम मी मनापासून केले, यात खोटे नाही. बॅटरी दीड दिवस चालली. स्टुलावरून तीनदा पाडला, काच फुटली नाही. भर उन्हात धक्क्यावर नेला तर पडद्यावर निम्मे दिसते, निम्मे अंदाजाने वाचावे लागते. आवाज मोठा आहे पण इंजिन चालू असताना रिंग ऐकू येत नाही. कॅमेरा नावाला आहे. रेंज मात्र चांगली पकडतो. हे सगळे मी वहीत चार पाने भरून लिहिले. ती वही आज आपल्यासमोर हजर करतो.

वहीतले चौथे पान ओल्या हाताचे आहे. कंपनीवाले फोन तपासतात ते कोरड्या बोटांनी, गार खोलीत. आमच्याकडे होडीवर गेलेल्या माणसाचा हात घरी येईपर्यंत कोरडा नसतो. म्हणून मी शेनच्या घरी गेलो. शेरॉन मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसली होती. तिच्या हातात फोन दिला व म्हटले, हात न पुसता शेनला फोन लाव. तिने सात वेळा प्रयत्न केला. बोट एका आकड्यावर, उमटायचा दुसराच. पाच वेळा नंबर पुरा झाला नाही, दोन वेळा भलत्यालाच लागला. ती हसायला लागली. म्हणाली, "एडीभाऊ, फोनला कशाला नावं ठेवता? माझ्याच हाताला लागत न्हाय. कोळंबी सोलून सोलून बोटं कामातनं गेली."

मी तिला काही बोललो नाही. दुकानात येऊन बादलीत खाडीचे पाणी घेतले व स्वतःच्या हाताने दहा वेळा करून पाहिले. एकदाही लागला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून केले तरी तेच, पिशवीवर खारे पाणी असले की पडदा वेड्यासारखा वागतो. मग जुन्या बटणाच्या फोनवर दहा वेळा केले. दहाच्या दहा वेळा लागला, त्यातले चार वेळा डोळे मिटून. वहीत मी लिहिले आहे : "खाऱ्या पाण्याच्या हाताला हा फोन चालत नाही. होडीवर एकटा हाच फोन देऊ नये. बटणाचा फोन सोबत पाहिजेच."

ती चार पाने घेऊन मी आत्माराम यांच्याकडे गेलो. त्यांनी तीन पाने उलटली, चौथ्यावर थांबले व म्हणाले, "हे एवढं कोण वाचणार? समितीला एक पान द्या. आणि हे ओल्या हाताचं कशाला? होडीवर टॉवेल असतो ना? पुसायचे हात." त्यांनी सांगितले की माल मागवून झाला आहे, ४ ऑगस्टला होड्यांना आशीर्वाद देण्याच्या दिवशीच वाटप ठेवले आहे, बॅनर छापायला गेला आहे. बॅनरचा नमुना त्यांनी मला दाखवला. त्यावर खाली माझे नाव होते आणि नावापुढे "तांत्रिक सल्लागार" असे होते. शेजारी माझा फोटो येणार होता.

म्हणजे माल आधी मागवला आणि तपासणी नंतर. हे मला त्याच क्षणी कळले. लग्न लागल्यावर मुलगी दाखवण्याचा प्रकार होता. तरी मी घरी जाऊन एक पान लिहिले. त्यात बॅटरी लिहिली, रेंज लिहिली, काच लिहिली. ओल्या हाताचे वगळले. शेवटी लिहिले, "वापरण्यास सोपा, होडीसाठी योग्य." खाली सही केली. आत्माराम यांनी माझा हात धरून लिहून घेतलेले नाही. ते पान सोसायटीने आपल्या पत्राला जोडले आहे, ते माझेच आहे.

आपण विचारले की मी असे का केले. त्यावर सांगतो की, मला त्या बॅनरवर यायचे होते. दुसरे काही कारण मला देता येत नाही. बरीच शोधून पाहिली.

४ ऑगस्टला फादरनी होड्यांवर पाणी शिंपडले व त्यानंतर मांडवात ४६ फोन वाटले. मी स्टेजवर खुर्चीवर होतो. मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी सात मिनिटे बोललो. बटणाचे जुने फोन एका खोक्यात जमा केले व ते खोके सुटे भाग काढण्यासाठी माझ्या दुकानात आले. शेनने त्याचा फोन खोक्यात टाकताना माझ्याकडे बघून सॅल्यूट मारला. सगळे हसले. मीही हसलो.

१९ सप्टेंबरला काय झाले ते मी पाहिलेले नाही. होडीवर शेनसोबत राघो हा होता, वय ६३, राहणार पाली. त्याने मला सांगितले ते सांगतो. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास होडी पाण्याखालच्या तुटक्या खुंटावर आदळली. मागच्या मोसमातला जाळ्याचा खुंट असावा. तळ फाटला. किनारा दिसत होता, फोनला रेंज होती. आमच्या पालीच्याच जितेशची होडी तिथून दहा मिनिटांवर होती, पण डोंगराच्या आड. शेनने तरंगायला होडीतले रिकामे पिंप राघोच्या कमरेला बांधले व स्वतः फोन लावत बसला. होडी पुरती बुडायला अर्धा तास लागला. अर्धा तास तो फोनच लावत होता.

मी राघोला विचारले, हात पुसून का नाही लावला? राघो माझ्यावर ओरडला. म्हणाला, "कशाला पुसनार? बनियान वली, डोकं वलं, टॉवेल दर्यात! मना बोल्ला, राघोबा तू बघ, तुझ्या हाताला लागतो का. मी पन केला. पेटलेला व्हता रे त्या फोनचा पडदा, चांगला पेटलेला व्हता, आन् एक आकडा जाग्यावर पडंल तर शप्पत!" राघोला साडेदहा वाजता जितेशने पाण्यातून उचलले. पिशवीतला फोन राघोच्या गळ्यात होता. शेन तोवर दिसत नव्हता.

जितेश मला म्हणाला, एक मिस्ड कॉल आला असता तरी मी होडी वळवली असती.

त्या फोनमधली नोंद आपण मला दाखवली. नऊ चोवीस ते नऊ एकावन्न या वेळात चौदा कॉल आहेत. चार, चव्वेचाळीस, सातशे सत्याहत्तर, असले नंबर. एकच कॉल लागलेला आहे, दोन मिनिटे दहा सेकंद. तो फोन कंपनीच्या ग्राहक सेवेचा आहे. आपण विचारले की त्यावर काय ऐकू येते. मी तो नंबर काल लावून पाहिला. आधी जाहिरात लागते, मग एक बाई गोड आवाजात सांगते, मराठीसाठी एक दाबा. माझ्या भावाला कोणाशी तरी बोलायला मिळाले ते एवढेच. त्याचा एक दाबला गेला नाही.

आत्माराम या नोंदीवर बोट ठेवून मयताच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणाले, "बघा, साधा नंबर लावता येत नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं. तुमचाच रिपोर्ट आहे एडविनशेठ, वापरण्यास सोपा." मी त्यांना दुकानातून जायला सांगितले. मोठ्याने सांगितले, शेजाऱ्यांनी ऐकले असेल. पण जे ते म्हणाले ते कागदावर बरोबर होते. माझ्या सहीच्या कागदावर.

अजून एक गोष्ट आहे. ती कोणी विचारलेली नाही, राघोला माहीत नाही, आत्माराम यांना माहीत नाही. अपघाताच्या आधी आठवडाभर, १२ सप्टेंबरला दुपारी, शेन माझ्या दुकानात आला होता. म्हणाला, "एडी, माझा बटनाचा दे ना परत. ह्यो होडीवर चालत न्हाय." खोके माझ्या पायाशीच होते. त्याचा फोन वरच होता, मागे लाल टेप लावलेला. हात खाली घातला असता तर मिळाला असता. दुकानात त्या वेळी दोन गिऱ्हाइके उभी होती आणि भिंतीवर तो बॅनर होता. मी म्हटले, "सगळ्यांना चालतो, तुलाच कसा चालत नाही? शिकून घे जरा. अडाणी राहू नकोस." तो म्हणाला, "बरं." आणि गेला. तो लहानपणापासून माझ्यापुढे कधी वर तोंड करून बोलला नाही. मोठ्या भावाला कळते असे तो समजत होता.

तेव्हा फळ्यावरचे वाक्य पहिल्यांदा सोसायटीने लिहिले असे नाही. ते आधी मी बोललो.

माझे म्हणणे असे की, मयत शेन याला फोन हाताळता येत होता. तो फोन ओल्या हाताला चालत नव्हता, हे मला तीन महिने आधी माहीत होते आणि मी ते लपवले. आत्माराम यांनाही माहीत होते, त्यांनी चौथे पान माझ्यासमोर वाचले आहे. त्यांनी नाही म्हटले तर माझ्यासमोर बसवून विचारावे. आपण मला समज दिली की यातला काही भाग माझ्याच अंगावर येईल व मी पाहिजे तर विचार करून उद्या येऊ शकतो. मला उद्या यायचे नाही. जसे बोललो तसे लिहून घ्यावे.

वरील सर्व मजकूर दुर्गा मॅडम यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी जे बोललो तेच त्यात आहे, जास्त नाही आणि कमी नाही. एक प्रत मला मिळावी अशी विनंती आहे. माझी भावजय शेरॉन बाहेर बाकावर बसली आहे. मी तिच्या बाजूने साक्ष द्यायला आलोय असे तिला वाटते. आठ दिवस ती येईल त्याला एकच सांगतेय, "मना जूनमधीच कललं व्हतं, वल्या हाताला लागत न्हाय. मना वाटलं माझाच हात. मी बोलाया पायजे व्हतं, मी बोल्ली न्हाय." प्रत हातात आली की मी तिथेच बाकावर बसून तिला ही वाचून दाखवणार आहे.

समक्ष,
(सही) दुर्गा, पोलीस हवालदार

(सही) एडविन लॉरेन्स ग्रेसिस