मंगळूची ओ

अनिताबाई : …पण हा केसपेपर रत्ना काळूराम गोजर यांचा आहे. वय बावीस. स्त्री.

मंगळू : हो बाय.

अनिताबाई : आणि तुम्ही?

मंगळू : मी तसा नाय.

अनिताबाई : ते दिसतंय. मग बाहेर तिचं नाव पुकारलं तर तुम्ही ओ का दिलीत?

मंगळू : हाक आली. ओ दिली.

अनिताबाई : आणि ती रत्ना कुठंय?

मंगळू : बाकड्यावर. तिला डोळे दाखवायचेत. दारावर डोळ्यांची पाटी हाय ना तुमच्या.

अनिताबाई : खोली डोळ्यांच्या डॉक्टरांची आहे. महिन्यातला एक मंगळवार मला देतात. मी मनाच्या दुखण्याचं बघते. कल्याणहून येते, ती भिंतीवरची अक्षरं वाचत बसते, जाते. तुम्हाला काय दाखवायचंय?

मंगळू : तेच.

अनिताबाई : अक्षरं?

मंगळू : मन.

बाईजा : (दारातून) अनिताबाय, हा तुमच्याकडं पन आला? ह्याचं काय ऐकू नका. शिपाईन म्हनून वीस वर्षं नावं पुकारतेय या दवाखान्यात, असा मानूस नाय बघितला. कोनाचं पन नाव घ्या, हा उभा. मागच्या महिन्यात दुसऱ्याच्या नावावर दात काढून गेला!

मंगळू : हलत होता बाईजाबाय. नुकसान नाय.

बाईजा : आनि त्याच्या आधी? कुत्रा चावलेल्या मानसाचं इंजेक्शन घेतलंन!

मंगळू : त्याला पन बरं वाटलं. तो घाबरत होता सुईला.

बाईजा : घाबरत होता म्हने! मग त्याला शोधून आनून परत टोचलं ना मी. बाय, तुमचा नंबर लावलेला तो दुसरा पन आज गायब हाय. मंगळू शिद. चार महिने झाले, तुमच्या दर मंगळवारी खिडकीवर कागद काढतो, आनि हाक मारली की नाय! जाते मी. संजू भोईरऽऽ!

मंगळू : ओ!

अनिताबाई : बसा. तुम्ही संजू भोईर आहात?

मंगळू : नाय.

अनिताबाई : मग नाव काय तुमचं?

मंगळू : मंगळू शिद. किन्हवलीकडचा.

अनिताबाई : म्हणजे चार महिने मी ज्याची वाट बघतेय, तो बाहेरच बसलेला असतो?

मंगळू : दाराजवळच असतो बाय. पहिल्या बाकड्यावर. ती माझं नाव घेते तेव्हा उठायचं म्हनतो. पाय जमिनीत गेल्यासारखे होतात. मग ती दुसरं नाव घेते, आनि मी उठतो. आज ते दुसरं नाव तुमच्याच खोलीचं निघालं, म्हनून भेट झाली. रत्नाबायचे उपकार.

अनिताबाई : जगात सगळ्यांना ओ देता. स्वतःच्याच नावाला नाही.

मंगळू : स्वतःचं नाव वापरात नाय आता.

अनिताबाई : किती दिवस चाललंय हे?

मंगळू : दोन वर्षं. एकदा शाळेवरून जात होतो, गुरुजी हजेरी घेत होते. खिडकीपाशी उभा राहून सत्तावीस पोरांची ओ दिली. गुरुजींना रडू आलं. बोलले, नोकरीला लागल्यापासून अशी हजेरी बघितली नाय.

अनिताबाई : घरी कोण कोण असतं?

मंगळू : मी.

अनिताबाई : बायको?

मंगळू : गिरजा माहेरी गेली, मुरबाडकडं. तिचं पन बरोबर हाय. गावात साठ-सत्तर बायका आपापल्या नवऱ्याला ‘अवो’ म्हनतात. मी सगळ्यांना ओ देनार. दोघांनी मला मारलं. एकानं जेवायला बोलावलं, त्याला वाटलं मी एकटाच हाय म्हनून येतो.

अनिताबाई : आणि ते खरं होतं?

मंगळू : जेवन चांगलं होतं.

अनिताबाई : आता घरात हाक मारायला कोणीच नाही. मग तरी शांत वाटतं का?

मंगळू : भांडं पडलं तरी ओ देतो बाय.

बाईजा : (बाहेरून) येसू पारधीऽऽ!

मंगळू : ओ!

अनिताबाई : बसा. दोन वर्षं कळ काढलीत. आता चार महिन्यांपासूनच का येताय?

मंगळू : भाचीचं लगीन ठरलं. गुना. माझी बहीन सुंदरा, तिची पोर. सोमवारी लगीन. पोरीला मामानं हाताला धरून मांडवात आनायची. जानती मानसं नाव घेऊन पुकारनार, मंगळूमामा, पोरीला आना. आनि मी बसून राहनार. सुंदरा बोलली, दादा, तू नाय उठलास तं दुसरा मामा उभा करतील. एक चुलतभाऊ तयारच हाय. त्यानं टोपी पन घेतली.

अनिताबाई : गुणाचे वडील?

मंगळू : …नायत.

अनिताबाई : कधी गेले?

मंगळू : दोन वर्षं.

अनिताबाई : सांगता?

मंगळू : आमी विहिरी खोदायचो. जैतू नि मी. तो माझा मेवना, सुंदराचा नवरा, पन सोळा वर्षं एकाच दोराला होतो. तो खाली, मी वर. तो घमेलं भरनार, हाक मारनार, मंगळूऽऽ. मी ओ देनार नि ओढनार. ओ दिल्याशिवाय दोर हलवायचा नाय, हा कायदा. खालच्याला वरचं काय दिसत नाय ना. गोल आभाळ दिसतं, भाकरीएवढं. बाकी जग हाय का गेलं, ते ओ ऐकून कळतं.

अनिताबाई : आणि त्या दिवशी?

मंगळू : सापगावच्या अंगाला विहीर होती. चाळीस फूट गेली होती. कड सुटली. माती आली.

अनिताबाई : तेव्हा तुम्ही कुठे होता?

मंगळू : पानी आनायला गेलो होतो.

अनिताबाई : दोर सोडून?

मंगळू : …तसं पोलिसांना सांगितलं. सुंदराला पन. ती बोलली, तुझी काय चूक, तहान कोनाला लागत नाय.

अनिताबाई : मंगळूदादा, मी पोलीस नाही. सुंदराही नाही.

मंगळू : तुमी कल्याणच्या.

अनिताबाई : हो. पाचच्या गाडीनं जाणार.

मंगळू : …जैतू लय मस्करीचा होता, बाय. उगाच हाक मारायचा. मंगळूऽऽ. ओ. सूर्य हाय का रे अजून वर? हाय. बरं, राहू दे. पाच मिंटांनी परत. मंगळूऽऽ. ओ. खाली बेडूक गावलाय, एकटा हाय, वर त्याच्या जातीतली कोन बघ. त्या दिवशी अशा तीन हाका झाल्या. बेडकाचं लगीन, बेडकाची वरात. मी बिडी पेटवली. चौथी हाक आली. मंगळूऽऽ.

अनिताबाई : ऐकू आली?

मंगळू : चांगली ऐकू आली. मी तिथंच होतो, दोराच्या चाकाजवळ. मी बोललो मनात, बोंबल. बेडकाला पोर झालं असंल. बिडी संपू दे. …नाय दिली ओ. बिडी अर्धी पन झाली नाय.

अनिताबाई : हे कोणाला सांगितलंत आजवर?

मंगळू : तुमाला. तुमचा मंगळवार गेला वाया.

अनिताबाई : नाही गेला. एक विचारू? ओ दिली असती, तर माती थांबली असती का?

मंगळू : नाय. सगळे हेच विचारतात… नाय, कोन विचारनार, मीच विचारतो. माती नसती थांबली. दोर ओढायला पन वेळ नसता पुरला. तेवढं मला समजतं. पन त्याला कळलं असतं, बाय. वर कोनीतरी हाय, एवढं.

अनिताबाई : म्हणून आता कोणाचीच हाक रिकामी जाऊ देत नाही.

मंगळू : कोन कशासाठी मारतोय, आपल्याला काय म्हाईत?

बाईजा : (बाहेरून) प्रियांका गोजरऽऽ!

मंगळू : …

बाईजा : (बाहेरून) प्रियांकाऽऽ! आलीस का? ये, ये.

अनिताबाई : तिनं स्वतःच दिली ओ.

मंगळू : हो. येतं लोकांना.

अनिताबाई : आता मी हाक मारते. तुमच्या नावानं. जमलं तर ओ द्या, नाही जमलं तर परत मारेन. मंगळू.

मंगळू : …

अनिताबाई : मंगळू.

मंगळू : नाय बाय. तुमी समोर बसल्यात. दिसताय मला. ही हाक नाय, ही गप्पा. हाक खालनं येते.

अनिताबाई : खालून कुठून? या खोलीला खाली काही नाही.

मंगळू : टेबल हाय.

(अनिताबाई एकदा दाराकडे बघतात, साडीचा पदर खोचतात आणि टेबलाखाली जातात. कॉलेजात हे शिकवलेलं नसतं. मंगळू वर बसून राहतो. सोळा वर्षं त्याचं कामच ते.)

अनिताबाई : इथे खूप धूळ आहे.

मंगळू : असते. डोळे झाका.

बाईजा : (दारातून) बाय, चहा… अरे, अनिताबाय कुठं गेल्या?

मंगळू : खाली गेल्यात.

बाईजा : वर कधी येतील?

मंगळू : हाक मारतील.

बाईजा : दाताची जागा दुखते का रे तुझी? चहा इथं ठेवते. सांग त्यांना, पाचच्या गाडीला रिक्षावाला आसनगाव स्टेशनला सोडतो बोलला.

अनिताबाई : गेल्या का?

मंगळू : गेल्या. बाय, माझं नाव दमानं घ्या. शेवट लांबवा. भिंतीला लागून वर येतं ते.

अनिताबाई : मंगळूऽऽ.

मंगळू : …

अनिताबाई : मंगळूऽऽऽ.

मंगळू : …बेडूक असला तरी देतो रे मी. काय पन असू दे. बेडूक असला तरी.

अनिताबाई : मंगळूऽऽऽ!

मंगळू : ओ.

अनिताबाई : वर कोण आहे?

मंगळू : मी हाय. मंगळू. …हात द्या बाय. डोकं सांभाळा, वर कड हाय.