आईचं रॅम्बलिंग

तुम्ही हसाल, पण रॅम्बलिंग हा शब्द मी आईमुळे शिकलो. हल्ली ती कोपरीच्या घरात एकटीच बोलत बसते. डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले, "याला रॅम्बलिंग म्हणतात. बोलणं भरकटतं, त्याला अर्थ नसतो. एकदा रेकॉर्ड करून आणा."

शहाडच्या मावसभावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे, मम्मीचंपण सेमच चाललंय." मग आम्ही दोघांनी आपापल्या घरी चार वाजता रेकॉर्डिंग लावलं. मी फोन आईजवळ ठेवून चहा टाकायला गेलेलो.

या दोघी बहिणी नऊ वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. फोनवरसुद्धा नाही.

रविवारी तो घरी आला, तेव्हा आम्ही दोन्ही रेकॉर्डिंग एकदम चालू केली.

मावशी म्हणाली, "माझी हिरवी साडी कुठे ठेवलीस गं?"

आई म्हणाली, "खालच्या फळीवर बघ."

"आणि दादा कधी येणार?"

"तो तर कधीच गेला गं."

एकीचं वाक्य दुसरीच्या वाक्यावर एकदाही चढलं नाही. शेवटी मावशीने आवाज खाली आणला. "हळू बोल, पोरं ऐकतायत."

"ऐकू दे," आई म्हणाली. "त्यांना ते रॅम्बलिंग वाटतं."