एकाच टोपलीतले मासे

ताई : (पत्र्याच्या केबिनमध्ये, टेबलावर माशांच्या दोन बादल्या आदळत) खोटं बोललेत तुझे साहेब लोक! धडधडीत खोटं. म्हणे, दोन्ही मासे दोन्ही नद्यांत सापडतात!

धाकटा : हळू बोल, बाहेर माणसं आहेत. रीतसर पाहणी झालीय.

ताई : कुठे झाली, माहितीय? बाजारात! पाय कोण ओले करणार? मासेवालीच्या टोपलीतून नमुने उचलले. तिच्या टोपलीत दोन्ही नद्यांचा माल असतो, बाबा!

धाकटा : असेल. पण तू संग्रहालयात माशांच्या बरण्या पुसतेस म्हणून मी इकडचं पाणी पलीकडे नेणारा बोगदा अडवू?

ताई : पुसते, म्हणूनच कळतं. हा अलीकडचा. पोटाला चकती दिसते? खडकाला चिकटतो. इकडची नदी उतारावर धावते, जो चिकटला नाही तो वाहून गेला. हा पलीकडचा. पाणी संथ, चकतीचा मागमूस नाही.

धाकटा : दिसायला तर भाऊ-भाऊ.

ताई : होतेच. नदी एकच होती. माणूस जन्मायच्या आधी मधे डोंगर वर आला, नदीचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून भेट नाही. ती उद्या तुझा बोगदा घालून देणार.

धाकटा : मग भेटू देत की!

ताई : हा चकतीवाला दगडावरचं सगळं खरवडून खातो. तो पलीकडचा दगडावरच अंडी घालतो. आता बोल.

धाकटा : ...जाळी लावू.

ताई : पिल्लं केसाएवढी असतात. वाळूचं गाळणच हवं. पहिल्या आराखड्यात होतं, ‘मासे दोन्हीकडे तेच’ म्हणून खोडलं. मोठा इंजिनिअर ना तू? तेव्हा मूग गिळून बसला होतास?

धाकटा : ताई, पलीकडे बाया टँकरमागे धावतात. त्यांना काय सांगू, मासा अंडी घालतोय, थांबा?

ताई : पाणी देऊ नकोस असं म्हटलं मी? आधी गाळण बांध, मग सोड.

धाकटा : मी नाही म्हटलं तर माझी उचलबांगडी होईल. दुसरा येईल, बोगद्याचं दार उघडेल.

ताई : येऊ दे. त्याच्याशीही भांडेन. उद्या मात्र दार उघडायच्या कागदावर सही तुझी लागते.

धाकटा : तुझा राग माझ्यावर आहे की साहेबांवर?

ताई : साहेब मला ओळखत नाहीत. तू ओळखतोस. येरझाऱ्या घालू नकोस, बस इथे. माझ्याकडे बघ. सही करणार आहेस का?